आजीच्या सात गोधड्या आणि रिकामं करायचं घर

शेवंती

नमस्कार मंडळी. पुण्यात सातारा रस्त्यावर आईबाबांचा फ्लॅट आहे, इमारत चाळीस वर्षांची झाली आणि आता पुनर्विकासाला जातेय. दिवाळीच्या आत घर रिकामं करून द्यायचंय, मग निदान तीन वर्षं तरी भाड्याच्या वन बीएचकेत. त्यामुळे मी आणि दादा-वहिनी सुट्टीच्या दिवशी आवराआवरीच करतोय. जास्तीची भांडी वाटली, पुस्तकं वाचनालयाला गेली, मोडके पंखे, जुना टीव्ही, बाबांच्या ऑफिसच्या फायली, सगळं मार्गी लागलं. त्यात कुणाचा जीव फारसा अडकला नाही.

अडलं ते माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेपाशी. तिच्यात आजीच्या, म्हणजे बाबांच्या आईच्या हातच्या सात गोधड्या निघाल्या. आजी माणदेशातली, म्हसवडच्या बाजूची. दुष्काळी मुलूख, उन्हाळ्यात रानात काम नसायचं तेव्हा ओसरीवर बसून शिवायची. तिची इरकली लुगडी, आजोबांची धोतरं, आत्यांचे परकर, बाबांचे शाळेचे सदरे, सगळं त्यात आहे. उचलायला गेलं की कळतं किती जड आहेत ते. दोन अगदी धडधाकट, चार बऱ्या, एक मात्र मधोमध विरलीये, आतल्या चिंध्या दिसतात.

दादा म्हणतो दोघांनी एकेक ठेवू, बाकीच्या गरजूंना देऊ, निदान कुणाच्या अंगावर तरी येतील. वहिनी म्हणते नीट फोटो काढून ठेवू. दोघांचंही चूक नाही. आई काहीच बोलत नाही, ती फक्त त्यातली एक रोज रात्री पांघरून झोपायला लागलीये, या उकाड्यात.

तुमच्याकडे अशा घरच्या हातच्या वस्तू आहेत का? आवरताना काय ठेवायचं ते कसं ठरवलंत? आणि ठेवल्या त्या वापरता की बांधून ठेवता?

रानजाई

एकही देऊ नकोस!! बाकी नंतर सविस्तर लिहिते.

साधा_माणूस

जरा वेगळं मत मांडतो, राग नसावा. सात गोधड्या म्हणजे एक अख्खं कपाट. वन बीएचकेत दोन म्हातारी माणसं राहणार, त्यांना चालायला मोकळी जागा हवी की ट्रंका हव्यात? आमच्याकडे आजोबा गेल्यावर सगळ्यांनी 'आठवण आठवण' करत सामान वाटून नेलं आणि आता ते चार घरांच्या चार माळ्यांवर पडून आहे, कुणी वर्षात एकदा उघडून बघत नाही. जी वस्तू आपण उघडून बघत नाही तिच्यावर आपलं प्रेम आहे असं मी तरी मानत नाही. उत्तम दोन ठेवा, बाकीच्या ज्यांना थंडीत खरंच लागतात त्यांना द्या. आजीने शिवल्या त्या कुणाला तरी ऊब मिळावी म्हणूनच ना.

तळेगावकर

साधा_माणूस यांना अनुमोदन, पण 'उघडून बघत नाही' ला आमच्या घरी वेगळं कारण आहे. माळ्यावर चढेल असं माणूसच आता घरात उरलं नाही :)

लालबागची_पोर

शेवंती, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, लांबेल.

माझे आजोबा गिरणीत होते, साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. लालबागच्या चाळीत आमची दहा बाय बाराची खोली आणि तीत नऊ माणसं, गावाहून कुणी आलं की अकरा. तिथे 'पसारा' करायला जागाच नव्हती, वस्तू घरात आली की तिला काम असायचंच. मिलमधून कामगारांना सवलतीत कापडाचे तुकडे मिळायचे, आजी ते जमवायची आणि जुन्या साड्यांबरोबर गोधडीत घालायची. आमच्या गोधड्या दिवसा घडी घालून खाटेवर, रात्री खाली जमिनीवर अंथरायला, पाहुणा आला तर बसायला, बाळंतीण आली तर तिच्या कमरेमागे. बांधून ठेवलेली अशी एकही नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलंच नाही, आजोबा त्यातलेच. त्या काळात आजीने चाळीतल्या आणि आजूबाजूच्या लोकांना गोधड्या शिवून दिल्या, त्याच्या पैशात पोरांच्या वह्या यायच्या असं बाबा सांगतात. मिलच्या कापडाची एकच गोधडी आमच्याकडे उरलीये. आता त्या मिलच्या जागी टॉवर आहे. कापड कुठलं हे सांगणारी घरात तीच एक वस्तू आहे, आजोबांचं ओळखपत्रसुद्धा राहिलं नाही.

म्हणून साधा_माणूस, मला तुमचं पटतं की वापरायला हवं. पण द्यायच्या आधी त्यात काय काय शिवलंय ते तरी माहीत करून घ्या. एकदा दिली की ते कुणालाच कळणार नाही.

आणि एक सुचलं ते लिहिते. आजीने जुनं कापड घराबाहेर जाऊ दिलं नाही, पण साठवलंही नाही, त्याची वापरायची वस्तू केली. घर आवरायचं काम तिने तेव्हाच करून ठेवलंय. दोन-तीन ट्रंका भरतील एवढे कपडे त्या सात गोधड्यांत बसलेत.

रानजाई

लालबागची_पोर, _/\_ शेवटचा परिच्छेद आईला वाचून दाखवला.

जर्सीकर

वाचनखूण साठवली. आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात आईने एक गोधडी घातली. नवरा म्हणाला लोणचं-मसाले काढावे लागतील. काढले. इथे हीटर असतो, पांघरूण म्हणून गरज नाही खरं तर, पण मुलगी ताप आला की तीच मागते.

इथे गोधडीसारख्या क्विल्ट करणाऱ्या बायकांचे गट असतात, आमच्या गावच्या लायब्ररीत जमतात. त्यांची एक पद्धत फार आवडली. गोधडी पूर्ण झाली की मागच्या कोपऱ्यात कापडाची छोटी पट्टी शिवतात, तिच्यावर कुणी केली, कुणासाठी, कुठलं गाव, कुठलं साल. आपल्या आज्यांनी कुठे काय नाव घातलं? मी माझ्या गोधडीला मागून पांढऱ्या सुती पट्टीवर दोऱ्याने आजीचं नाव आणि 'कराड' भरून घेतलं. वर चिकटवायचं काही वापरू नका, डिंक-गोंद पुढे कापड खातो.

ढब्बू

गोधडीचं ठीक आहे हो, रुखवताचं काय करायचं ते सांगा कुणीतरी! आईच्या लग्नातलं मॅटीवरचं कशिद्याचं हरीण, काचेच्या नळ्यांचं तोरण, मण्यांचा पोपट, क्रोशाचे एवढे रुमाल की टीव्ही, फ्रिज, मिक्सर, रेडिओ सगळ्यांना कपडे घालून झाले तरी उरलेत. आता टीव्ही भिंतीवर गेला, त्याच्यावर रुमाल कुठे राहणार :)

अनुराधा_ज

@ढब्बू, क्रोशाचे रुमाल चौकोनी असतील तर जोडून घे, पडदा होतो. माझ्या सासूबाईंच्या रुमालांची खिडकीची झालर केलीये, त्या ऐंशीच्या पुढे आहेत, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात आणि कुठला टाका कुणाकडून शिकल्या तेही सांगतात. नळ्यांच्या तोरणाचा दोरा आधी बघ, कुजलेला असेल तर टांगू नकोस, नव्या दोऱ्यात ओवून मगच लाव. ओवायच्या आधी नमुन्याचा फोटो काढ म्हणजे रंगांचा क्रम हरवणार नाही. फोटोचा खरा उपयोग तिथे आहे.

पिंपळपान

आमच्याकडे पणजोबांनी स्वतः केलेला सागवानी पाळणा आहे. पणजोबा सुतार, गाव चिपळूणजवळ. एकही खिळा नाही, सगळे सांधे कुसू घालून. तो कुणा एकाचा नाहीच. ज्या घरी बाळ येणार तिकडे तो जातो, बारसं झालं की काही महिन्यांनी पुढच्या घरी किंवा परत गावी. ठाणे, नाशिक, हुबळी, सगळीकडे फिरून आलाय. खालच्या फळीवर आतल्या बाजूने त्यात झोपलेल्या प्रत्येक बाळाचं नाव पेन्सिलीने लिहिलंय, सगळ्यात जुनं नाव माझ्या आजोबांचं, मोडीत. त्यामुळे 'ठेवायचा कुठे' हा प्रश्न आमच्याकडे आलाच नाही, कारण तो कुणाकडेच कायम राहत नाही.

शेवंती, गोधड्यांचंही असं करता येईल. सात गोधड्या एकाच घरात कशाला, आत्या-काकांच्या पोरांना विचारा. आजी त्यांचीही होती.

टाकेवाली

मी स्वतः गोधड्या शिवते, आई आणि मावशी पण शिवायच्या, म्हणून जपायचं कसं ते लिहिते. थोडी वस्त्रसंग्रहाचं काम करणाऱ्या एका बाईंकडून शिकलेली माहितीही आहे.

पहिलं म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. आपल्याकडच्या हवेत आत ओल धरते आणि बुरशीचे काळे ठिपके येतात, ते जात नाहीत. जुना, धुतलेला, बिनखळीचा मलमलचा किंवा सुती चादरीचा तुकडा घ्या आणि त्यात गुंडाळा. खळ असेल तर कसर लागते, तिला खळ आवडते. लाकडी कपाटात थेट फळीवर ठेवलं तर कापड पिवळं पडतं, मधे सुती कापड हवंच. पत्र्याच्या ट्रंकेला आतून गंज असेल तर त्याचे डाग पडतात, तेही बघा. टाचण्या, सेफ्टी पिना लावल्या असतील तर आजच काढा.

घडी वर्षानुवर्षं एकाच रेषेवर ठेवली की तिथे धागा मोडतो. तुमची मधोमध विरलीये ती बहुधा घडीवरच विरली असणार. दर पावसाळ्यानंतर उघडून, सावलीत वारा द्यायचा आणि घडी दुसरीकडून घालायची. घडीच्या पोटात मऊ कापडाची गुंडाळी ठेवली तर अजून उत्तम. उन्हात टाकायचीच तर थोडा वेळ, तीही उलटी करून, कडक उन्हाने रंग जातो आणि सूतही कमकुवत होतं.

धुण्याबद्दल. मशीनमध्ये नाही म्हणजे नाही. आधी पांढऱ्या ओल्या कापडाने प्रत्येक रंग कोपऱ्यात दाबून बघायचा, जुना लाल हमखास सुटतो. रंग सुटत असेल तर धुवायचीच नाही, जाळीचं कापड वर धरून व्हॅक्यूम क्लीनर अगदी हळू फिरवायचा, धूळ निघते. रंग पक्का असेल तर मोठ्या टबात थंड पाणी, थोडं रिठ्याचं पाणी (पांढऱ्याला रिठ्याने जरा पिवळट झाक येते, ते लक्षात ठेवा). चोळायचं, पिळायचं नाही. आणि ओली गोधडी कोपऱ्याला धरून कधीच उचलायची नाही, पाण्याच्या वजनाने टाके फाटतात. खाली चादर घालून चादरीसकट दोघींनी उचलायची, खाटेवर आडवी पसरून वाळवायची, दोरीवर नाही.

निरामय

टाकेवाली, फार चांगली माहिती. मी डॉक्टर आहे म्हणून एवढंच जोडतो. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर त्या गोधडीत तान्ह्या बाळाला लगेच गुंडाळू नका. काही बाळांना जी-सिक्स-पी-डी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या लाल पेशी डांबरगोळीच्या वासाने, म्हणजे नॅप्थलीनमुळे फुटतात आणि कावीळ वाढते. वास पूर्ण जाईपर्यंत दिवसेंदिवस वारा द्या. कपाटात वेखंड, कडुलिंबाचा वाळलेला पाला वापरा, फक्त कापडाला थेट चिकटू देऊ नका, पुरचुंडीत बांधून ठेवा.

साधा_माणूस

निरामय, तुम्ही आलातच तर विचारतो. माझ्या मुलाला दमा आहे, आणि जुन्या गोधडीने त्याला त्रास झालेला मी रात्रभर बसून पाहिलाय. माझा विरोध भावनेला नाहीये, तो या अनुभवातून आलाय.

निरामय

तुमची काळजी रास्त आहे. जुन्या जाड पांघरुणात धुळीतले माइट्स असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. साठ अंशांच्या गरम पाण्यात मरतात, पण इतकी जुनी गोधडी ते पाणी सोसणार नाही. दमेकरी मुलाच्या अंथरुणात ती नकोच. भिंतीवर लावायची तर त्याच्या झोपायच्या खोलीत नको. याला दुसरा उपाय सांगून तुम्हाला खोटी आशा लावत नाही.

टाकेवाली

+१. साधा_माणूस, तुमची गोधडी नात्यातल्या ज्या घरी दमा नाही तिथे जाऊ दे. पिंपळपान यांचा पाळणा फिरतो तशी.

काळी_मैना

मी हल्याळची, कर्नाटकात पण घरी मराठी. आमच्या भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलभागात राहतात. जुन्याच कपड्यांची कवंदी, कडेने सुरुवात करून चारी बाजूंनी आत आत शिवत जायचं आणि मधे संपवायचं. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या घातलेले तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात, फुलं लावली नाहीत तर कवंदी नागडी राहिली असं मानतात. आता या कवंद्या परदेशातल्या प्रदर्शनांत जातात. पण माझ्या आईच्या मैत्रिणीच्या घरी मी त्यावर झोपलेय, आणि मला ती तिथेच जास्त आवडली.

शेवंती, आजीच्या गोधडीच्या कोपऱ्यांना काही आहे का बघ.

कसबेकर

वस्तू जपण्यावरून दिनकर केळकरांची आठवण झाली. पुण्यात राहून शेवंतीताईंनी राजा केळकर संग्रहालय पाहिलं असेलच, नसेल तर आईबाबांना घेऊन नक्की जा. 'अज्ञातवासी' नावाने कविता करणाऱ्या या माणसाने आयुष्यभर गावोगाव हिंडून वस्तू गोळा केल्या, आणि त्या राजेरजवाड्यांच्याच नव्हेत, तर दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी, म्हणजे जे बाकीचे लोक तेव्हा घर आवरताना मोडीत घालत होते तेच. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. त्या वज्रीने पाय घासणाऱ्या बाईला कधी वाटलं नसेल की ती काचेच्या कपाटात जाईल.

पण प्रत्येकाची गोधडी संग्रहालय घेऊ शकत नाही, ती घरांनीच सांभाळायला हवी. आमचं घर नदीकाठी होतं, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, आजीच्या हातचं एक बाळुतंही राहिलं नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांना मी कळकळीने सांगतो, घाई करू नका.

ढब्बू

एक प्रश्न, विरलेल्या गोधडीचे चांगले भाग कापून उशांचे अभ्रे केले तर? सगळ्या नातवंडांना एकेक मिळेल.

रानजाई

नको गं ढब्बू, कात्री लावायची कल्पनाच सहन होत नाही.

लालबागची_पोर

मला यात काही वाईट दिसत नाही खरं सांगायचं तर. आजीने स्वतः लुगड्याला कात्री लावलीच होती ना? ती लावली नसती तर गोधडी झालीच नसती. धडधाकट गोधडीला मात्र हात लावू नये.

रानजाई

लुगडं फाटलं होतं म्हणून लावली. गोधडी दुरुस्त होण्यासारखी असताना कापणं वेगळं. आपलं एकमत होणार नाही यावर, असो.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. लालबागची_पोर, तुमचं 'त्यात काय शिवलंय ते माहीत करून घ्या' वाचलं आणि थोरल्या आत्याला बोलावून घेतलं. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे, सकाळी काय खाल्लं ते विसरते. गोधड्या दिवाणावर पसरल्या, वहिनीने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, आणि आत्या हात फिरवत फिरवत बोलायला लागली. हा निळा चौकडा तुझ्या बापाचा, शाळेत पहिला आला तेव्हा शिवलेला. हे हिरवं इरकल आईला माहेरून वाणात आलेलं. हे पांढरं धोतर नाना वारीला नेसायचे. एका फिकट गुलाबी तुकड्यापाशी थांबली आणि म्हणाली ही सुमीची झबली. सुमी कोण ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाबांना पण नाही! त्यांच्या आधी एक बहीण होती, दोन वर्षांची होऊन गेली, घरात तिचा फोटो नाही, कागद नाही, आजीने कधी विषय काढला नाही. आत्या त्या वेळी सहा-सात वर्षांची असेल. आजीने ती झबली सात गोधड्यांपैकी एकाच गोधडीत लावलीयेत, बरोबर मधे.

दादा बराच वेळ गप्प होता, मग स्वतःच म्हणाला की आता कुठलीच बाहेर जाणार नाही. पिंपळपान म्हणतात तसं केलं. चुलत-आते भावंडांच्या ग्रुपवर टाकलं, चार घरांनी मागून घेतल्या, प्रत्येकीवर जर्सीकरांसारखी पट्टी शिवून मगच देणार. आईकडे ती पांघरते ती राहील. दादाने विरलेली घेतली, तीच, सुमीची झबली असलेली. माझ्याकडे एक. कोपऱ्यांना काही नाही काळी_मैना, पण एका कडेला बारीक शंकरपाळ्याची नक्षी आहे, फक्त एकाच कडेला, का ते आत्यालाही सांगता आलं नाही.

वहिनीची फोटोंची सूचनाही घेतली, प्रत्येक तुकड्याचा फोटो आणि आत्याचं बोलणं एकत्र ठेवतोय.

टाकेवाली, विरलेलीची दुरुस्ती कशी करू? शिवणारी बाई शोधू की मी करू शकेन?

साधा_माणूस

शेवंतीताई, उत्तम केलंत. वापरायची आणि वाटायची, माझं म्हणणं तेवढंच होतं. रेकॉर्डिंगची कल्पना मी उचलतोय, आमच्या चार माळ्यांवरच्या सामानासाठी. आई आहे तोवर तिला विचारून घेतो.

टाकेवाली

सुमीचं वाचून पोटात कालवलं. दुरुस्ती तुम्हीच करा, धावदोराच आहे, येतो सगळ्यांना. विरलेला भाग काढायचा नाही, तो तसाच आत ठेवून वरून ठिगळ द्यायचं म्हणजे झबली पण आतच राहतील, आणि ठिगळ थोडं मोकळं ठेवलं तर बघताही येतील. ठिगळाला नवं कोरं कापड घेऊ नका, ते कडक असतं, धुतल्यावर आटतं आणि भोवतालचं जुनं कापड फाडतं. बऱ्याच वेळा धुतलेलं मऊ सुती धोतर किंवा सुती साडी लागेल. दोराही सुतीच, पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडाला कापत जातो. विरलेल्या भागाच्या चारही बाजूंना चार बोटं पुढे, जिथे कापड धड आहे तिथपर्यंत ठिगळ न्या, आधी मोठे कच्चे टाके घाला, मग बारीक. टाका ओढून घट्ट करायचा नाही.

शेवंती

हे जमेल. पण धोतर कुठून आणू, आजोबांची सगळी गोधड्यांतच गेलीत!

अनुराधा_ज

माझ्या सासऱ्यांची दोन धोतरं कपाटात आहेत, तीस वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेली. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या दे, पण कुणाच्या गोधडीला लावणार ते मला येऊन सांगायला सांग तिला. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. रविवारी चारनंतर ये, आईंना पण आण.